सेप्सिसच्या अभ्यासासाठी उंदरांवर सीएलपी: पूर्वतयारीपासून नोंदीपर्यंत

सीएलपीची (सीकल लिगेशन अँड पंक्चर, म्हणजे सीकम बांधून त्याला भोक पाडून उंदराला सेप्सिस घडवण्याची) शस्त्रक्रिया दहा-पंधरा मिनिटांत होते. पोट उघडायचं, सीकम म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी बाहेर काढायची, तिला दोरा बांधायचा, सुईनं भोक पाडायचं, पिशवी आत ठेवायची आणि शिवायचं. वर्णन इतकं सोपं असल्यामुळे बरेच विद्यार्थी थेट इथूनच सुरुवात करतात. मग एका आठवड्यात सगळे उंदीर २४ तासांत मरतात, पुढच्या आठवड्यात एकही मरत नाही, आणि औषधानं फरक पडला की गाठीच्या जागेमुळे, ते कोणालाच सांगता येत नाही.

गडबड बहुतेक वेळा शस्त्रक्रियेच्या आधी होते, नाहीतर नंतर. आयसीयूत आलेल्या सेप्सिसच्या रुग्णाला सलाइन मिळतं, अँटिबायोटिक मिळतं, वेदना कमी करणारं औषध मिळतं. आपल्या उंदराला यातलं काहीच दिलं नाही, तर तो उंदीर त्या रुग्णाच्या जागी उभा राहू शकत नाही. शिवाय एका जिवाला आपण विनाकारण जास्त यातना दिलेल्या असतात, ते वेगळंच. खालचे सगळे टप्पे हे डोक्यात ठेवून लिहिले आहेत.

हा लेख वाचून कोणी एकट्यानं शस्त्रक्रिया करू नये. हात बसेपर्यंत अनुभवी माणूस आणि संस्थेचे पशुवैद्य शेजारी हवेत. आधी दुसऱ्या मंजूर प्रकल्पांतल्या मृत उंदरांवर सराव करा, त्यासाठी एकही जादा उंदीर लागत नाही.

टप्पा १: आधी प्रश्न, मग मॉडेल

२०१६च्या व्याख्येनुसार सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीरानं दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादामुळे अवयवांचं काम जिवावर बेतेल इतकं ढासळणं. या व्याख्येत तीन गोष्टी आहेत: संसर्ग, बिघडलेला प्रतिसाद आणि अवयवांचा बिघाड. तुमच्या मॉडेलमध्ये तिन्ही दिसायला हव्यात आणि तिन्ही मोजता यायला हव्यात.

एलपीएसचं इंजेक्शन देऊन 'सेप्सिसचा अभ्यास केला' असं लिहिणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. एलपीएस हा ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य आवरणातला एक घटक. तो टोचल्यावर टीएनएफ (दाह वाढवणारं एक प्रथिन) दीड-दोन तासांत उंच जातो आणि लगेच उतरतो. संसर्गाचा केंद्रबिंदू नसतो, जिवाणू वाढत नाहीत, अँटिबायोटिकला काही कामच उरत नाही. त्यात उंदीर एलपीएस भरपूर सोसतो. निरोगी स्वयंसेवकांत किलोमागे २ ते ४ नॅनोग्रॅमनं थंडी-ताप येतो, तर उंदरात मृत्यू घडायला किलोमागे मिलिग्रॅमच्या घरातला डोस लागतो. टीएनएफ रोखणारी औषधं प्राण्यांत यशस्वी आणि रुग्णांत निष्फळ ठरली, त्याचं एक मोठं कारण हेच. एलपीएस वापरायला हरकत नाही, फक्त त्याला एंडोटॉक्सिमिया, म्हणजे रक्तात जिवाणूंचं विष असणं, म्हणा.

प्रश्न पोटातल्या संसर्गाचा असेल तर सीएलपी योग्य आहे. त्यात अनेक प्रकारचे जिवाणू असतात आणि सडणाऱ्या ऊतीचा तुकडाही आत राहतो, अगदी फुटलेल्या अपेंडिक्ससारखा. प्रश्न न्यूमोनियाचा असेल तर क्लेब्सिएला किंवा न्यूमोकोकस श्वसनमार्गातून देण्याचं मॉडेल घ्या. नवजात पिल्लांवर काम असेल तर सीएलपी जमतच नाही, तिथे सीकल स्लरी, म्हणजे दात्या उंदराच्या सीकममधला मळ द्रवात मिसळून पोटात टोचणं, हा मार्ग आहे. स्लरीची एक मोठी बॅच ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर साठवता येते, त्यामुळे डोस सारखा राखणंही सोपं जातं. रक्तदाब, व्हेंटिलेटर, नॉरअॅड्रेनलिन यांबद्दलचा प्रश्न असेल, तर डुक्कर किंवा मेंढीशिवाय पर्याय थोडाच.

पुढचं सगळं सीएलपीबद्दल आहे.

टप्पा २: परवानगी आणि औषधांची कागदपत्रं

भारतात १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि १९९८च्या नियमांनुसार सीसीएसईए (पूर्वीची सीपीसीएसईए) ही केंद्र सरकारची समिती या कामावर देखरेख ठेवते. संस्थेच्या आयएईसीकडे, म्हणजे प्राणी नैतिकता समितीकडे, फॉर्म बी भरून प्रस्ताव द्यायचा. उंदीर आणि रॅट यांचा प्रस्ताव आयएईसीतच मंजूर होतो, मोठ्या प्राण्यांचा पुढे सीसीएसईएकडे जातो.

फॉर्ममध्ये लोक प्राण्यांची संख्या काळजीपूर्वक लिहितात आणि वेदनेचा रकाना एका ओळीत उरकतात. सीएलपी हा तीव्र वेदनेचा प्रयोग आहे. कोणतं वेदनाशामक, किती, किती तासांनी, रात्री कोण देणार आणि उंदीर कोणत्या अवस्थेला पोचला की त्याला थांबवणार, हे सगळं तिथे लिहा. समितीला समजावं म्हणून तर ते लिहायचंच, पण प्रयोगाच्या तिसऱ्या रात्री तुमच्या सहकाऱ्याला समजावं म्हणून जास्त.

बुप्रेनॉर्फिन (वेदनाशामक) आणि केटामिन (भुलीचं औषध) एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. त्यांची खरेदी, कुलूपबंद साठा आणि नोंदवही यांची व्यवस्था लागायला वेळ जातो. उंदीर येऊन क्वारंटाइन संपलं आणि वेदनाशामक मात्र अजून आलंच नाही, अशी वेळ आली तर शस्त्रक्रिया पुढे ढकला. 'या बॅचपुरतं चालवून घेऊ' हे चालणार नाही.

✔ तपासा: उंदरांची ऑर्डर देण्याआधी मंजुरीपत्र, वेदनाशामक, अँटिबायोटिक आणि रात्रीच्या पाळ्यांचं वेळापत्रक या चारही गोष्टी हातात आहेत का?

टप्पा ३: संख्या आणि गट

प्रबंधांत 'प्रत्येक गटात ६ उंदीर' हे वाक्य परंपरेनं येतं. रक्तातली साखर मोजायला ६ कदाचित पुरतील, जगण्याच्या प्रमाणासाठी नाही. गणित करून बघा. एका गटात ६पैकी १ जगला आणि दुसऱ्यात ६पैकी ५ जगले, तरी फिशर एक्झॅक्ट चाचणीत पी व्हॅल्यू ०.०८ येते. म्हणजे डोळ्यांना एवढा ढळढळीत दिसणारा फरकही सिद्ध होत नाही. उपचाराविना जगण्याचं प्रमाण ४० टक्के आहे आणि औषधानं ते ७० टक्के होईल अशी अपेक्षा असेल, तर ८० टक्के पॉवरसाठी (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) प्रत्येक गटात साधारण ४२ उंदीर लागतात.

हा आकडा ऐकून मार्गदर्शक दचकतात. पण १२ उंदरांना सेप्सिस देऊन उत्तर न मिळणं म्हणजे ते १२ जीव वाया घालवणं. तेवढे उंदीर शक्य नसतील, तर जगण्याचं प्रमाण हा मुख्य निकष ठेवू नका. ठरावीक वेळी मोजलेला जिवाणूंचा भार किंवा अवयवांच्या बिघाडाचा गुणांक ठेवा, त्याला कमी प्राणी लागतात.

किमान गट असे: सीएलपी अधिक औषध, सीएलपी अधिक औषधाचं नुसतं द्रावण, आणि शाम. शाम उंदराचं पोट उघडायचं, सीकम बाहेर काढून परत ठेवायचं, पण बांधायचं नाही आणि टोचायचं नाही. सलाइन, अँटिबायोटिक, वेदनाशामक शामलाही तेवढंच आणि त्याच वेळी. यात कुचराई झाली, तर पुढे दिसणारा फरक सेप्सिसचा की बुप्रेनॉर्फिनचा, ते सुटं करता येत नाही.

गट वाटताना पिंजऱ्यानुसार वाटू नका. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्यांचे आतड्यातले जिवाणू सारखे होत जातात. सीएलपीत संसर्ग त्याच जिवाणूंचा. एक पिंजरा औषधाचा आणि दुसरा द्रावणाचा ठेवलात, तर तुम्ही औषधाची तुलना न करता दोन पिंजऱ्यांच्या विष्ठेची तुलना करत असता. प्रत्येक पिंजऱ्यात दोन्ही गटांचे उंदीर असू द्या आणि वाटणी संगणकाच्या यादृच्छिक यादीनं करा. हाताला लागेल तो उंदीर उचलणं म्हणजे रँडमायझेशन नाही. सुस्त उंदीर आधी हाती लागतो.

शस्त्रक्रिया करणाऱ्याला औषधाचा गट माहीत नसावा, आणि गुण देणाऱ्याला तर नसावाच. औषधाच्या बाटल्यांवर तिसऱ्या माणसानं सांकेतिक क्रमांक घालावेत.

टप्पा ४: उंदीर आणि खोली

बहुतेक ठिकाणी ८ ते १२ आठवड्यांचे, २०-२५ ग्रॅमचे सी५७बीएल/६ नर वापरतात. सेप्सिसनं दगावणारे रुग्ण मात्र मोठ्या प्रमाणात वयस्कर, आणि त्यांत स्त्रियाही आहेत. नर आणि मादी दोन्ही घेता आले तर घ्या, पण वेगळे मोजा, कारण माद्या अनेकदा जास्त तग धरतात. सबस्ट्रेन (उपजात) नोंदवा: सी५७बीएल/६जे उंदरांत एनएनटी जनुकात बदल आहे, ६एन उंदरांत तो नाही. प्रयोगाच्या मध्यावर पुरवठादार बदलू नका. पुरवठादार बदलला की आतड्यातले जिवाणूही बदलतात.

आल्यावर किमान एक आठवडा क्वारंटाइन आणि सरावाचा काळ द्या. शस्त्रक्रियेआधी रात्रभर उपाशी ठेवू नका. रिकाम्या आणि भरलेल्या सीकमचा आकार वेगळा असतो, त्यामुळे 'अर्धा सीकम' म्हणजे किती हेच बदलतं. शिवाय सेप्सिसमध्ये साखर आधीच घसरते.

खोलीचं तापमान हा फार दुर्लक्षित भाग आहे. उंदराला आरामदायक वाटतं ते तापमान ३० अंशांच्या आसपास, आपल्या खोल्या असतात २२-२४ अंशांवर. सेप्सिस झालेल्या उंदराला म्हणून ताप येत नाही, त्याचं अंग गार पडतं. मे महिन्यात वीज जाऊन एसी बंद पडला आणि खोली ३२ अंशांवर गेली, तर त्या दिवशीचे उंदीर वेगळ्याच प्रयोगातले ठरतात. खोलीत तापमान नोंदवणारं यंत्र ठेवा, जनरेटरची जोडणी तपासा आणि असा दिवस आलाच तर तो नोंदीत घ्या.

टप्पा ५: तीव्रता ठरवण्यासाठी पायलट, म्हणजे छोटा प्राथमिक प्रयोग

सीएलपीची तीव्रता मुख्यतः सीकमचा किती भाग बांधला यावर ठरते. सुईची जाडी आणि छिद्रांची संख्या त्यानंतर येते. अनेक शोधनिबंधांत फक्त '२१ गेज सुईनं दोन छिद्रं' एवढंच असतं, बांधलेल्या लांबीचा उल्लेखच नसतो. अशा वर्णनावरून प्रयोग पुन्हा करता येत नाही.

ढोबळ मानानं, टोकापासून मोजून अर्धा सीकम बांधला तर मध्यम तीव्रता, तीन-चतुर्थांश बांधला तर तीव्र. पण हे कोणाच्या तरी प्रयोगशाळेतलं माप आहे. तुमचे उंदीर, तुमचा चारा आणि तुमचा हात यांवर ते पुन्हा ठरवावं लागतं. पायलटमध्ये सुई एकच ठेवा आणि दोन लांब्यांची तुलना करा. सलाइन आणि अँटिबायोटिक दिल्यावरही द्रावणाच्या गटातले साधारण निम्मे ते दोन-तृतीयांश उंदीर दगावतील, अशी तीव्रता शोधा. त्यात औषधाचा फायदा दिसायला जागा राहते आणि अपाय दिसायलाही.

⚠ सावधान: सगळेच उंदीर एका दिवसात मरत असतील तर मॉडेल 'छान जमलं' असं समजू नका. आयसीयूतला रुग्ण दिवसेंदिवस झुंजतो. एका दिवसात संपणाऱ्या प्रयोगात कोणत्याच औषधाला काम करायला वेळ मिळत नाही.

पायलटमधून आणखी एक गोष्ट मिळवायची: आजाराच्या किती गुणांवर किंवा किती तापमानाखाली गेलेला उंदीर परत सावरत नाही. टप्पा ८ त्यावरच उभा आहे.

टप्पा ६: शस्त्रक्रिया

रोज एकाच वेळी सुरू करा. शरीराच्या रोजच्या लयीनुसार रोगप्रतिकारशक्ती बदलते, त्यामुळे सकाळी ९चा आणि संध्याकाळी ५चा उंदीर सारखे नसतात. सगळे शाम आधी आणि सगळे सीएलपी नंतर असंही करू नका. थकलेला हात मग एकाच गटाच्या वाट्याला येतो. यादीप्रमाणे गट आलटून-पालटून घ्या, आणि पूर्ण अभ्यासाची शस्त्रक्रिया एकाच माणसानं करावी.

१. वजन आणि गुदद्वारातलं तापमान नोंदवा. बुप्रेनॉर्फिन किलोमागे ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम, त्वचेखाली, कापण्याआधी द्या. उंदीर जागा झाल्यावर दिलं तर उशीर झालेला असतो.

२. आयसोफ्लुरेननं भूल द्या: सुरुवातीला ३-४ टक्के, नंतर दीड-दोन टक्के. केटामिन-झायलाझिननं काम होतं, पण झायलाझिन रक्तदाब आणि साखर दोन्हींवर परिणाम करतं, जागं व्हायला वेळ लागतो आणि ते पोटात टोचावं लागतं. पोटातल्या संसर्गाच्या प्रयोगात ते टाळलेलंच बरं. पायाचं बोट चिमटून प्रतिसाद नाही याची खात्री करा, डोळ्यांत मलम घाला. उंदराखाली ३७ अंशांचा गरम पॅड ठेवा.

३. पोटावरचे केस काढा, त्वचा आळीपाळीनं पोव्हिडोन आयोडीन आणि अल्कोहोलनं पुसा. निर्जंतुक उपकरणं आणि हातमोजे वापरा. 'पोटात मळच सांडणार आहे, मग निर्जंतुक कशाला?' हा प्रश्न प्रत्येक नव्या तुकडीत येतो. कारण साधं आहे: संसर्ग फक्त तुम्ही ठरवलेल्या जागेतून यायला हवा. जखमेतून आलेला दुसरा संसर्ग तुम्ही मोजलेला नसतो, आणि तो शाम उंदरालाही होतो.

४. मधोमध १ ते १.५ सेंटिमीटरचा छेद घ्या, आधी त्वचेचा, मग पांढऱ्या रेषेवर स्नायूचा. बोथट चिमट्यानं सीकम शोधा, बहुधा ते डाव्या बाजूला सापडतं. ओढू नका. बाकीचं आतडं बाहेर आलं तर कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉझवर ठेवून आत सरकवा.

५. मिलिमीटरची पट्टी शेजारी धरून टोकापासून लांबी मोजा आणि ४-० सिल्कची गाठ ठरलेल्या जागी बांधा. लहान आतडं सीकमला मिळतं ती जागा गाठीच्या बाहेर राहिलीच पाहिजे. ती गाठीत अडकली तर आतड्याचा मार्ग बंद होतो आणि उंदीर सेप्सिसऐवजी अडथळ्यानं मरतो. बांधलेल्या सीकमचा पट्टीसह फोटो काढा. फोटोला दहा सेकंद लागतात, आणि पुढे एखादा उंदीर वेगळा वागला तर कारण त्याच फोटोत सापडतं.

६. रक्तवाहिन्या चुकवून, गाठ आणि टोक यांच्या मधे, ठरलेल्या सुईनं आरपार टोचा. सुई काढल्यावर हलकेच दाबून मळाचा अगदी छोटा थेंब बाहेर आणा, म्हणजे छिद्र मोकळं आहे हे कळतं. दर वेळी तेवढाच थेंब. जास्त दाबलं की तीव्रता वाढते, आणि ती कशामुळे वाढली याची नोंद कुठेच राहत नाही. प्रत्येक उंदराला नवी सुई घ्या.

७. सीकम मूळ जागी ठेवा, मळ छेदाच्या कडांना लागू देऊ नका. स्नायूचा थर विरघळणाऱ्या ५-० किंवा ६-० दोऱ्यानं आणि त्वचा वेगळ्या टाक्यांनी किंवा क्लिपनं शिवा.

✔ तपासा: छेदापासून शेवटच्या टाक्यापर्यंत लागलेली मिनिटं लिहिली का? एखाद्याला दुप्पट वेळ लागला असेल, तर तो उंदीर विश्लेषणात ठेवायचा की वगळायचा याचा नियम आधीच लिहून ठेवलेला हवा.

टप्पा ७: पहिले ४८ तास

सलाइन: शिवून झाल्याबरोबर कोमट रिंगर लॅक्टेट किंवा नॉर्मल सलाइन, साधारण १ मिलिलिटर, त्वचेखाली. २५ ग्रॅमच्या उंदराला हे किलोमागे ४० मिलिलिटर होतं. थंड सलाइन देऊ नका. लहान प्राण्याचं तापमान त्यानं लगेच खाली येतं आणि नंतर मोजलेलं हायपोथर्मिया तुम्हीच घडवलेलं असतं. पूर्ण जागा होईपर्यंत उंदीर गरम पॅडवर राहू द्या. पुढेही ठरलेल्या अंतरानं द्रव द्या.

वेदनाशामक: बुप्रेनॉर्फिन दर ८ ते १२ तासांनी, निदान ४८ तास. 'ओपिऑइडमुळे प्रतिकारशक्ती बदलेल' या भीतीनं ते न देणारे अजून भेटतात. उपचार न झालेल्या वेदनेनंही प्रतिकारशक्ती बदलतेच, आणि ती प्रत्येक उंदरात वेगळी बदलते. सगळ्या गटांना सारखं औषध दिलं की निदान तो परिणाम सारखा होतो. दाह कमी करणारी साधी वेदनाशामकं मात्र इथे टाळा, ती दाहाच्या मार्गातच हात घालतात आणि मूत्रपिंडालाही जड पडतात.

अँटिबायोटिक: इमिपेनेम-सिलास्टॅटिन किलोमागे २५ मिलिग्रॅम, त्वचेखाली, दर १२ तासांनी, असा डोस बऱ्याच ठिकाणी वापरतात. महत्त्वाची आहे ती पहिल्या डोसची वेळ. शस्त्रक्रियेआधी दिलं तर तो प्रतिबंध झाला. मी सहा तासांनंतरची वेळ सुचवेन, तोपर्यंत आजार दिसू लागलेला असतो. तपासायचं औषधही त्याआधी देऊ नका. हल्ला होण्याआधी दिलेलं औषध उंदराला वाचवतं, यावरून वॉर्डात काहीच ठरवता येत नाही, कारण रुग्ण आजारी पडल्यावर येतो.

भारतीय आयसीयूंसाठी इथे एक विचार आवश्यक आहे. आपल्याकडच्या सेप्सिसमध्ये ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंचा भरणा आहे, आणि क्लेब्सिएला व असिनेटोबॅक्टरमध्ये कार्बापेनेमला प्रतिकार सर्रास आढळतो. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या आतड्यातले जिवाणू मात्र बहुधा इमिपेनेमला दाद देतात. तेव्हा सीएलपीत मिळालेल्या निकालावरून प्रतिकारक संसर्गाबद्दल काही बोलू नका. त्यासाठी रुग्णांतून मिळालेला, ओळख पटलेला जिवाणू वापरणारं मॉडेल लागेल.

आजारी उंदीर मान वर करून पाण्याच्या नळीपर्यंत पोचत नाही. ओलसर चारा आणि जेल पिंजऱ्याच्या तळाशी ठेवा.

टप्पा ८: निरीक्षण, आणि थांबायचं कधी

म्युरिन सेप्सिस स्कोअरमध्ये सात गोष्टी बघतात: केसांची ठेवण, भान, हालचाल, आवाज-स्पर्शाला प्रतिसाद, डोळे, श्वासाचा वेग आणि श्वासाचा दर्जा. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण २८. पहिले ४८ तास दर सहा तासांनी बघा, नंतर दिवसातून निदान दोनदा, आणि गुण चढू लागले की अंतर कमी करा. पिंजरा हलवण्याआधी दूरूनच हालचाल बघा, नंतर स्पर्श करा. उलट क्रमानं केलं तर दचकलेला उंदीर बरा वाटतो.

मृत्यूची वाट बघणं हा निकष नाही. पायलटमधून मिळालेले गुण आणि तापमान यांची सीमा ठरवा, ती ओलांडणाऱ्या उंदराला मंजूर पद्धतीनं शांतपणे मृत्यू द्या. जगण्याच्या विश्लेषणात तो मृत म्हणूनच मोजला जातो, त्यामुळे माहिती कमी होत नाही. उलट ताजं रक्त आणि ऊती मिळतात. रात्रीत मेलेल्या उंदराच्या ऊती सकाळपर्यंत निरुपयोगी झालेल्या असतात.

⚠ सावधान: सीमा गाठलेल्या उंदराला 'अजून दोन तास बघू' म्हणायचा मोह मध्यरात्री होतो. निर्णय एकट्या संशोधकावर सोडू नका, पशुवैद्यांचा फोन क्रमांक पिंजऱ्यांशेजारी लावा.

औषधामुळे किती जगले हे ४८ तासांवर जाहीर करू नका. सुरुवातीला मृत्यू पुढे ढकलणारी औषधं पुष्कळ असतात, आठवड्यानंतर दोन्ही रेषा एकत्र येतात. ७ दिवस किमान, १४ असतील तर उत्तम.

टप्पा ९: नमुने

जगण्याचे उंदीर आणि नमुन्यांचे उंदीर वेगळे ठेवा. नमुन्यांसाठी ठरलेल्या वेळी, समजा २४ तासांवर, जिवंत असलेल्यांचं रक्त घेता तेव्हा सर्वांत आजारी उंदीर आधीच निघून गेलेले असतात. द्रावणाच्या गटातून ते जास्त गेले असतील, तर उरलेले तगडे आणि औषधाच्या गटाचे सरासरी यांची तुलना होते, आणि औषध कुचकामी दिसतं. म्हणून वेळ अशी निवडा की तोवर फारसे मृत्यू झालेले नसतील, आणि प्रत्येक गटात किती सुरू झाले व किती उरले हे दोन्ही आकडे छापा.

२५ ग्रॅमच्या उंदरात एकूण रक्त २ मिलिलिटरपेक्षा कमीच. जिवंत ठेवायचा असेल तर एका वेळी त्याच्या दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे ०.२ मिलिलिटरच्या आत. सेप्सिसमधल्या उंदराला तेही झेपत नाही. शेपटीतून २० मायक्रोलिटर घेऊन सहा तासांचं आयएल-६ (दाहाचं एक प्रथिन) मोजता येतं, आणि कोण दगावेल याचा अंदाज त्यावरून बराच येतो.

जिवाणू मोजताना पोटातला धुवलेला द्रव आणि रक्त बर्फावर ठेवून दसपट विरळ करत जा, ब्लड अगारवर ३७ अंशांना वाढवा आणि आकडे लॉगमध्ये मांडा. ऑक्सिजनशिवाय वाढणारे जिवाणू हवे असतील तर वेगळी जार लागते. त्याविना 'जिवाणू कमी झाले' असं लिहू नका, अर्धे जिवाणू तुम्ही पाहिलेलेच नसतात.

अवयवांच्या बिघाडासाठी निदान दोन-तीन अवयव तपासा. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन एन्झायमॅटिक पद्धतीनं मोजा. उंदराच्या रक्तात जाफे पद्धत इतर पदार्थही धरते आणि आकडा फुगतो. यकृतासाठी एएलटी आणि बिलिरुबिन, रक्तासाठी प्लेटलेट्स. नमुन्यात रक्तपेशी फुटल्या असतील तर एएसटी आणि एलडीएच खोटे वाढतात, तो नमुना बाजूला ठेवा. लॅक्टेट मोजायचं असेल तर कार्बन डायऑक्साइडनं मृत्यू देऊ नका, आयसोफ्लुरेनखाली रक्त घ्या. फुप्फुसांबद्दल फार अपेक्षा नको. उंदरातल्या सीएलपीत फुप्फुसाची इजा सहसा सौम्य असते, एआरडीएसचा (फुप्फुसं तीव्रपणे निकामी होण्याचा) दावा करायचा तर त्याला वेगळा पुरावा लागतो.

प्रत्येक उंदराचं शवविच्छेदन करा, मेलेल्याचंही. गाठ सुटली होती का, लहान आतडं फुगलं होतं का, गळू तयार होऊन संसर्ग वेढला गेला होता का, हे लिहा. शवं पिवळ्या पिशवीत, जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे.

टप्पा १०: विश्लेषण आणि लेखन

जगण्यासाठी कॅप्लन-मायर आलेख आणि लॉग-रँक चाचणी. कोणता निकष मुख्य, हे पहिला उंदीर कापण्याआधी लिहून तारीख घाला. आयएल-६, आयएल-१०, टीएनएफ असे दहा मार्कर मोजून ज्यात फरक दिसला तो ठळक करणं म्हणजे निकाल शोधून काढणं.

लिहिताना दोन याद्या शेजारी ठेवा. एक अराइव्ह २.०, २०२०मधली, सर्व प्राणीप्रयोगांसाठी. दुसरी खास सेप्सिसची: मे २०१७मध्ये व्हिएन्नात भरलेल्या परिषदेतून निघालेली आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झालेली एमक्यूटीआयपीएसएस. तिच्यात २९ मुद्दे आहेत, त्यांतल्या २० शिफारशी आहेत आणि ९ विचारात घ्यायच्या बाबी. द्रव, अँटिबायोटिक, वेदनाशामक, रँडमायझेशन, उशिरा सुरू केलेला उपचार, हे सगळं तिथे आहे. प्रस्ताव लिहितानाच ती वाचा. प्रयोग संपल्यावर वाचली तर ज्या गोष्टी केल्या नाहीत त्यांची नुसती यादी हाती लागते.

पद्धतीच्या भागात एवढं तरी असावं: जात, सबस्ट्रेन, पुरवठादार, लिंग, वय, वजन, एका पिंजऱ्यात किती, खोलीचं तापमान, शस्त्रक्रियेची वेळ, भूल, बांधलेली लांबी मिलिमीटरमध्ये आणि टक्क्यांत, सुईचं गेज, छिद्रं, द्रव व अँटिबायोटिक व वेदनाशामकाचे डोस आणि तास, थांबण्याची सीमा. पायलटमध्ये किती उंदीर वापरले तेही लिहा. वगळलेला प्रत्येक उंदीर कारणासह द्या: कोणत्या गटातला, कोणत्या दिवशी, कोणत्या आधीच लिहिलेल्या नियमानुसार. एखाद्या उंदराला वगळायला आधीचा नियम सापडत नसेल, तर त्याला विश्लेषणात ठेवा.